जिनिंगच्या भिंतीपाशी

वडवणी,
दि. १४ मार्च १९८७

चि. सौ. वत्सला हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तुझी बीडची गाडी वळणाआड गेली आणि मी स्टँडवरून थेट दूध संस्थेत गेलो. घरी जायचा धीर झाला नाही. संस्थेत तरी काय आहे म्हणा! पूर्वी सकाळी कॅन उचलायला दोन माणसं लागायची, आता मी एका हाताने सरकवतो. चारा नाही, तर दूध कुठून येणार? तरी सचिव म्हणून मी रोज कुलूप उघडतो, मापं विसळतो (टँकरच्या पाण्याने, अर्ध्या तांब्यात) आणि जे कोणी पावशेर-अर्धा शेर घेऊन येईल त्याचं हसून स्वागत करतो. आपली मोरी गाय तुझ्या वाटेकडे बघते. मी धार काढायला बसलो की पाय झाडते. माझ्यासारख्या निवृत्त मास्तरचा हात तिला ठाऊक नाही.

दुपारी ओसरीवर पडलो आणि उगाच नेकनूरची शाळा आठवली. निजामाचं राज्य, उर्दू सक्तीची, पण सकाळचा पहिला तास मराठी कवितेचा असे. सगळा वर्ग एका सुरात डोलत कविता म्हणायचा आणि बाहेरच्या लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प बसायचे. ते दिवस गेले.

तुझ्या पाठीचं काय? दवाखान्यात गेलीस का? पोक येऊन येऊन तू अगदी चुलीत शिरायच्या बेताला आली होतीस. दम लागतो, उताणं झोपता येत नाही, ते मला बघवत नव्हतं. एरवी तुझं वाकणं मला कधीच वाईट दिसलं नाही. फुलांनी लवलेली वेल जशी. हे मी तुला लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात म्हटलं होतं, आजही म्हणतो.

आसारामला आणि मनकर्णेला आशीर्वाद. पाण्याची चैन आहे म्हणून भावाच्या घरी रोज डोक्यावरून न्हाऊ नकोस, सर्दी होईल.

तुझा,
रामहरी

*

बीड,
ता. २३ मार्च

अंजनाच्या बाबांस,
पाया पडते.

आमी हितं खुशाल. आसाराम अन् मनकर्णा लई जपतेत. डोक्यावरून न्हायाला पानी कुठलं आलंय, हितंबी नळ एक दिवसाआड येतो. पन घागर घिऊन मैलभर जावं लागत न्हाई येवढंच.

दवाखान्यात गेलते. डाक्टरनं पाठीचा फोटो काढला. म्हनले, हाडं धड हायेत, हे पोक सवयीचं हाय. खांदे म्होरं आले, छाती आत दबली, म्हनून दम लागतो. गोळी न्हाई, व्यायाम करा. मी म्हनले, डाक्टर, जल्मभर कामच केलं की, आता आनिक व्यायाम कावून? तर हासले. म्हनले, मावशी, काम सगळं म्होरं वाकायचं असतं, व्यायाम मागं वळायचा असतो.

त्यायनीच एका मास्तराचं नाव सांगितलं. रिटायर झालेले ड्रिलमास्तर हायेत. आवंदा कापूस आला न्हाई म्हनून सहकारी जिनिंगचं गोदाम रिकामं पडलंय, तिथं ते सकाळी आठ-दहा बायांचा व्यायाम घेतेत. गोदामाची भिंत लई उंच अन् सरळ. तिलाच पाठ लावायची. टाचा टेकवायच्या, बूड टेकवायचं, मग खांद्यामागचे दोन्ही फरे, मग डोकं. माझं डोकं टेकंचना. भिंत अन् डोकं यांच्यामधी मूठ मावायची. मास्तर म्हनले, जोर करू नका, हनुवटी आत घ्या, कुनी मागून बुचडा ओढतंय असं समजा. तसं केलं तर गळ्याला दोन हनुवट्या येतेत, बाया एकमेकीकडं बघून हासतेत.

दुसरा व्यायाम बसून. दोन्ही फरे मागं जवळ आनायचे, मधी सुपारी धरल्यावानी. पाच आकडे धरायचे अन् सोडायचे. तिसरा झोपून. घोंगडीची गुंडाळी करून फऱ्यांच्या खाली आडवी ठिवायची अन् हात पसरून पडायचं. पैल्या दिवशी मला वाटलं, आता बरगड्या मोडत्यात. आता बरं वाटतंय.

मास्तर तुमाला वळखतेत. नेकनूरला तुमच्या वर्गात व्हते म्हने. बद्रीनाथ नाव. म्हनले, रामहरीला सांगा, अजून कविता म्हनतो का?

मोरीला पेंड घाला. धार काढताना तिला माझं नाव घिऊन बोला, मग लाथ मारायची न्हाई.

तुमची,
वत्सला

*

वडवणी,
दि. २९ मार्च १९८७

चि. सौ. वत्सला हिस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोटोत हाडं ठीक निघाली, समाधान वाटलं. बाकीच्या मजकुराने तितकं वाटलं नाही.

बीड शहरात एवढी माणसं, त्यात तुला व्यायाम शिकवायला बद्रीनाथच सापडावा! त्याला मी चांगला ओळखतो. शाळेत ड्रिलच्या तासाला 'होशियार बाश!', म्हणजे सावधान, म्हटलं की हा पठ्ठ्या गवंड्याच्या ओळंब्यासारखा उभा राहायचा. शाळा तपासायला साहेब आले होते तेव्हा मी आख्खी कविता न अडखळता म्हटली. साहेबांनी काय करावं? माझ्या डोक्यावरून हात नेऊन बद्रीनाथच्या पाठीवर थाप मारली. 'क्या खड़ा है!' म्हणाले. त्या दिवसापासून सरळ उभं राहणाऱ्या माणसांविषयी माझं मत चांगलं नाही. सरळ उभं राहायला काय अक्कल लागते? खांबही उभा राहतो.

आणखी एक. तुझ्या वडिलांनी माझ्याआधी याच बद्रीनाथचं स्थळ पाहिलं होतं. मी हे कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही. त्याला हे आठवत असेलच. 'अजून कविता म्हणतो का' हा प्रश्न त्याने कोणत्या सुरात विचारला ते कळव. हसून विचारला की सहज?

व्यायामाबद्दल दोन-तीन शंका आहेत. सहज विचारतो. घोंगडीची गुंडाळी मनगटाएवढी जाड की दंडाएवढी? मानेखाली काही घ्यायचं की मान तशीच जमिनीला? आणि त्या सुपारीच्या व्यायामात खांदे कानाकडे चढतात, ते चढू द्यायचे का? तू चुकीचं करत असशील तर कुणीतरी लक्ष घालायला हवं, एवढ्यासाठीच.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. शेजारची छबुबाई दोन्ही वेळा गरम भाकरी आणून देते. बिचारी एकटी आहे. काल लाल मिरचीचा ठेचा केला होता. तुझ्यापेक्षा चांगला होता असं मी म्हणणार नाही, पण त्यात लसूण जास्त होता आणि तो मला मानवला. तिला मी संध्याकाळी जुन्या कविता म्हणून दाखवतो. ऐकताना डोळे मिटते.

रामहरी

*

बीड,
ता. १० एप्रिल

अंजनाच्या बाबांस,

छबुबाई डोळे मिटती, कारन तिला दिवस मावळला की झोप येती. सगळ्या गल्लीला ठावं हाय. लसूण मानवला म्हंता, अन् मग चार सालामागं तिच्याच हातचं खाऊन रातभर ओवा मागत बसलते ते कोन? तिला म्हनावं, भाकरी दारातून देत जा, आत यायचं काम न्हाई. माझी चूल हाय ती.

घोंगडी दंडायेवढी. मान जिमिनीला लागत नसंल तर पातळ चादरीची घडी. खांदे कानाकडं चढू द्यायचे न्हाईत, खाली सोडून मागं न्यायचे. तुमी करताय व्हय? करा की. लपून कशाला करायचं? पुस्तकात डोकं घालून घालून तुमच्याबी पाठीला पोक आलंय, मी बोलले न्हाई येवढंच.

आता नवीन दोन व्यायाम शिकवलेत. भितीकडं तोंड करून उभं ऱ्हायाचं, दोन्ही हात भितीवर टेकवायचे अन् हळूहळू वर सरकवत न्यायचे, उतरंडीच्या वरच्या गाडग्यात हात घातल्यावानी. जितका वर जाईल तितका. दुसरा दाराचा. चौकटीला दोन्ही कोपरं लावायची अन् एक पाय म्होरं टाकून छाती बाहीर काढायची. मनकर्णा म्हनली, वन्सं, दार घिऊन चालल्या का काय?

मास्तरनं भितीवर खडूनं रेघा मारल्यात. जिचं डोकं जिथवर पोचतं तिथं तिची रेघ. माझी रेघ तीनदा वर सरकली. परवा मास्तर बघत बसले अन् म्हनले, "वत्सलाबाई, तुमचं पोक कामाचं न्हाई. कामानं वाकलेली बाई कमरंत वाकती. तुमी मानंपासून वाकलात. तुमी जानून वाकलात. कुनासाठी ओ?" मी आपली भितीला पाठ लावून हुभी ऱ्हायले. पन घरी यिस्तोवर तेच डोक्यात घोळत व्हतं.

कालच्याला मी उताणी झोपले. किती वर्सांनी, आठवत बी न्हाई. आढ्याचे वासे दिसले. सकाळी उठले तर दम न्हाई, खोकला न्हाई. मला रडू आलं. मनकर्णा घाबरली.

आनिक येक महिना करावं लागंल म्हंतेत. मंग येते.

वत्सला

*

वडवणी,
दि. १६ एप्रिल १९८७

सौ. वत्सला हिस,

'कुणासाठी ओ?' हा प्रश्न ड्रिलमास्तरने दुसऱ्याच्या बायकोला विचारायचा असतो का? हे कोणत्या व्यायामात बसतं? मी चाळीस वर्षांत तुला असं विचारलं नाही, आणि हा विचारतो! वर तू ते डोक्यात घोळवत घरी जातेस, आणि ते मला लिहूनही कळवतेस.

तुझा दम थांबला, फार चांगलं झालं. म्हणजे काम झालं. आता त्या गोदामात जायचं कारण उरलं नाही. पुढचे व्यायाम इथे करता येतील. आपल्या घरालाही भिंती आहेत. मी घोंगडी गुंडाळून देईन, आकडे मोजीन. मला सगळे व्यायाम पाठ आहेत. (हो, करतो मी. काल दाराच्या चौकटीला कोपरं लावून उभा होतो तर छबुबाई भाकरी घेऊन आली. "गुर्जी, कोन धरायला आलंय का काय, असे दार अडवून हुभे?" म्हणाली. मी म्हटलं वारा घेतोय. त्या चौकटीत वाऱ्याचा लवलेश नव्हता.)

या आठवड्यात ये. आसारामला सांगून गाडीत बस. मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

रामहरी

*

वडवणी,
दि. २ मे १९८७

सौ. वत्सला हिस,

दुसऱ्यांदा लिहिणार नाही म्हटलं होतं, तरी लिहितो आहे. तुझं उत्तर नाही, तू नाहीस. पंधरा दिवसांत मी पोस्टमनच्या सायकलची घंटी ओळखायला शिकलो.

मग काल मी बीडला आलो होतो.

आसारामच्या घरी आलो नाही. मोरीला छबुबाईवर सोपवलं, पहिली गाडी धरली आणि विचारत विचारत थेट जिनिंगवर गेलो. दाराबाहेर कापसाच्या गाड्या तोलायचा मोठा काटा आहे, त्याच्याआड उभा राहिलो. या वयात! पण उभा राहिलो.

आत बद्रीनाथ हातात रूळ घेऊन होता. केस पांढरे झाले तरी ओळंबा तोच. 'होशियार बाश' अजून ओरडतो. भिंतीकडे तोंड करून बायांची रांग, हात वर सरकवत होत्या. मी प्रत्येकीची पाठ पाहिली. एक एक करून पाहिली. तुझी पाठ मी हजार बायांत ओळखीन, ती कुठून वाकते, कुठे जास्त वाकते, सगळं मला पाठ आहे. त्या रांगेत ती पाठ नव्हती. तुझी एकही साडी नव्हती.

वत्सला, तू तिथे नव्हतीस. रोज सकाळी गोदामात जाते म्हणून लिहितेस, मग काल कुठे होतीस? आसारामच्या घरी विचारायला माझे पाय वळले नाहीत. तिथेही नसतीस तर मी काय करणार होतो? बद्रीनाथ तर माझ्या डोळ्यांसमोर होता, म्हणून एका परीने जीव भांड्यात पडला. पण त्याला ठाऊक असेल तू कुठे होतीस, आणि मला ठाऊक नाही, हे मला सहन होत नाही. तुझा ठावठिकाणा मी त्याला विचारावा, आणि त्याने मला सांगावा? त्यापेक्षा परतलेलं बरं.

खोटं कशाला बोलू, मी तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ उभा होतो. रांगेच्या टोकाला एक उंच बाई होती. मोरपंखी लुगडं. तिचे हात भिंतीवरून वर वर जात होते आणि ते कुठे थांबतील असं वाटतच नव्हतं. बाकीच्या धापा टाकत होत्या, आणि ती शांत. बद्रीनाथ तिच्यापाशी गेला आणि रुळाने भिंतीवरची रेघ दाखवून काहीतरी बोलला, तर ती मान न वळवता हसली, खांद्यांवरून कळलं. मला त्या परक्या बाईसाठी बद्रीनाथचा राग आला. काय अधिकार मला! पण आला. गाडीत बसल्यावर दोन ओळी आपोआप जुळल्या, शाळेत शिकलेल्या चालीवर:

उभी कोण ही शांत भिंतीस लागे
जशी ज्योत वाऱ्याविना नीट जागे

हे तुला लपवण्यासारखं काही नाही म्हणून लिहितो. तूही लपवू नकोस. काल सकाळी कुठे होतीस, तेवढं एक कळव. येणार असशील तर ये. नसशील तर तसं लिही, म्हणजे मी घंटी ऐकायचं सोडीन.

रामहरी

*

बीड,
ता. ७ मे

अंजनाच्या बाबांस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. येकदा रडत, येकदा हासत. मनकर्णेनं हिसकून घेतलं अन् तिनं आसारामला वाचून दाखवलं, तवा आता सगळ्या घराला ठावं झालंय.

रांगेच्या टोकाला व्हती ती मी.

लुगडं मनकर्णेचं व्हतं. मोरपंखी. पान्याची वढ हाय म्हनून धुनं साचलंय, तिनं तिचं नेसायला दिलं. मी दम न लागता हुभी व्हते. काट्याच्या मागं कुनीतरी म्हाताराबाबा हाय येवढं केशरबाईनं सांगितलं, म्हनली, कुनाचा तरी म्हातारा चुकून आलाय. मी वळले न्हाई. वळले असते तर बरं झालं असतं, का न वळले तेच बरं, सांगता येत न्हाई.

केशरबाई मंजी मास्तरची बायको. रोज रांगेत मधी असती, मास्तरचं चुकलं की तिथंच झापती. हे मी तुमाला आगुदरच लिहायला पायजे व्हतं. मुद्दाम न्हाई लिहिलं. तुमी जळत व्हतात ते वाचायला ग्वाड लागत व्हतं. जल्मात कुनी माझ्यावरून जळलं न्हवतं. अन् मास्तरच्या स्थळाचं म्हनाल तर त्यायनी मला पायलंबी न्हवतं. बापानं परस्पर विचारलं अन् परस्पर मोडलं. त्यायला आठवतबी न्हाई.

आता तुमी विचारलं न्हाई ते सांगते. मास्तरनं विचारलं व्हतं कुनासाठी. त्यायला सांगितलं न्हाई, तुमाला सांगते.

आपल्या लग्नात अंतरपाट धरला तवा तुमच्या पाटाखाली आनिक येक पाट सरकवला व्हता. तुमाला वाटलं आसंल कायबाय. मी तुमच्यापेक्षा उंच हाय. वीतभर न्हाई, पन हाय. माय मागं हुभी व्हती, कानात म्हनली, "वत्सले, मान खाली घाल. आन् आता खालीच ऱ्हाऊ दे. बाईची सावली नवऱ्याच्या वर जाऊ ने." मी मान घातली. लोक म्हनले, पोरगी लाजरी हाय. तुमी म्हनले, वेल हाय. मी म्हनले, असू दे. मंग घागरी आल्या, भारे आले, चूल आली, अंजना कडंवर आली, मानंला वर यायाचं कारनच पडलं न्हाई. तुमी कदी बोलला न्हाईत. तुमाला ठावंच न्हवतं, बोलनार काय?

येक राग हाय, तो लिहिते. चाळीस वर्सांत तुमी माझ्यावर कवितेची येक वळ केली न्हाई. चांदण्यावर केली, मोरीच्या वासरावर केली, दूध संस्थेच्या उद्घाटनाला तर आख्खी कविता केली. अन् त्या मोरपंखी बाईवर येका गाडीच्या खेपंत दोन वळी! जशी ज्योत वाऱ्याविना! मला तिचा लई हेवा वाटला. मीच ती, हे ठावं असून वाटला. तुमी तिला बघत हुभे ऱ्हायलात, अन् मला हुडकत व्हतात. मी तिथंच व्हते, तुमची नजर माझ्यावरून गेली, अन् तुमी वाकलेलीला हुडकत माघारी गेलात.

म्हनून इचारते. मागल्या पत्राला उत्तर धाडलं न्हाई ते याच्याचपायी, कसं इचारावं सुचंना. परत यायाला मी तयार हाय. व्यायाम पुरा झाला, घरी बी करीन. पन आता माझ्यानं वाकून ऱ्हावत न्हाई. मुद्दाम मान खाली घातली तर दुखतंय, अन् दम पुन्ना लागतोय, परवा घालून बघितली. मंग मी आले तर अशीच येनार. चावडीवरून तुमच्याबरूबर चालले की लोक बघतेल, हासतेल. छबुबाई तर पयली हासंल. तुमाला चालत आसंल तर कळवा. चालत नसंल तर तेबी कळवा, मी आसारामकडं ऱ्हाईन, तो न्हाई म्हनायचा न्हाई. राग धरायची न्हाई. पन वाकायचीबी न्हाई.

वत्सला

*

वडवणी,
दि. १२ मे १९८७

प्रिय वत्सला,

आशीर्वाद लिहायला बसलो होतो, पण लेखणी थांबली. आशीर्वाद वरून खाली द्यायचा असतो.

तुझं पत्र मोरीच्या दावणीपाशी उभ्यानं वाचलं. मग खाली बसून वाचलं. धार राहिली, मोरी हंबरली, संस्था उघडायला उशीर झाला आणि दोन गवळणी दाराशी माझ्या नावाने बोटं मोडत बसल्या होत्या.

तो दुसरा पाट मला चांगला आठवतो. नवरदेव शिकलेला, मास्तर आहे, म्हणून तुझ्या वडिलांनी जादा मान दिला, असं मी समजत होतो. ही हकीकत मी किती लग्नांत, किती पंगतींत सांगितली असेल! छबुबाईलासुद्धा सांगितली आहे. आता तिला जाऊन दुरुस्त करून सांगायला हवी. सांगीन.

तू म्हणतेस बद्रीनाथची बायको रांगेत असते आणि त्याला स्थळ आठवतही नाही. यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट आता जास्तच वाटतं. त्याला वाटतं त्याने एक पाठ सरळ केली. त्याने काय पाहिलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. तू पहिल्यांदा उभी राहिलीस तेव्हा समोर तो होता, केशरबाई होती, त्या मेल्या भिंतीला तुझं डोकं टेकलं. मला त्या भिंतीचाही हेवा वाटतो. तुझी खरी उंची बीडच्या आठ-दहा बायांना माझ्याआधी कळली. आणि मला कळली तेव्हा मी काट्याआड उभा राहून दुसऱ्याच कुणाची म्हणून तिच्याकडे बघत होतो. माझाच मला हेवा वाटावा की राग यावा, हे ठरत नाही. त्या दिवशी गाडीत मला अपराध्यासारखं वाटत होतं, आणि तरी फार बरं वाटत होतं. असं शाळेत असताना वाटायचं, नवं पुस्तक मिळालं की.

तू स्पष्ट विचारलंस. उत्तर पद्यात द्यायचं ठरवलं होतं, चार ओळी जमवल्याही होत्या. खोडल्या. सरळ लिहितो: जशी आहेस तशी ये. ताठ ये.

लोक हसतील, यात शंका नाही. म्हणून असं कर, बाजारच्या दिवशी ये. म्हणजे सगळा गाव एकदाच हसेल आणि एका दुपारीत आटपेल. बैलबाजार यंदा ओस आहे, माणसं येतात, पण विकायला काही नाही. त्यांनाही जरा काहीतरी बघायला मिळू दे. मी तुझ्याशेजारून चालेन. मागून नाही, पुढूनही नाही. मीही रोज चौकटीला कोपरं लावतो आहे, पण कबूल करतो, उंची काही वाढली नाही. फक्त नजर जरा वर गेली. पूर्वी चालताना मला तुझा बुचडा दिसायचा. आता वर बघावं लागेल. मानेचा व्यायाम आपोआप होईल.

मी इथल्या स्टँडवर उभा राहीन. गर्दीत मी तुला पुन्हा ओळखलं नाही तर रुसून पुढे निघून जाऊ नकोस. हाक मार. खोकू नकोस, बांगड्या वाजवू नकोस, 'अहो'सुद्धा नको, त्या 'अहो'ला बाजारातले निम्मे पुरुष वळून बघतात. नाव घेऊन मार. उखाण्यात नव्हे, नुसतं. बघू तरी कसं ऐकू येतं.

आणि बद्रीनाथला बीडच्या स्टँडवर पोचवायला येऊ देऊ नकोस. केशरबाई बरोबर असली तरी नको. तो तुझी पिशवी टपावर चढवून देईल, तू खिडकीतून हात हलवशील. मी इथे इतक्या लांब असेन, आणि मला ते सगळं दिसेल.

तुझ्या कानाएवढा,
रामहरी